कोई शक?

लष्करात पाठ संपला की उस्ताद विचारतो, "कोई शक?" समोरची तुकडी एका दमात ओरडते, "नहीं साब!" पाठ रायफल खोलण्याचा असो, पुलाची पॅनेलं जोडण्याचा असो, की जेवणाआधी हात धुण्याचा. भरतीच्या पहिल्या महिन्यातच हे उत्तर अंगवळणी पडतं. ज्याच्या डोक्यात खरोखर शंका असते तोही ओरडतो. शंका असलेल्याला पुढं बोलावतात, आणि पुढं गेलेल्याचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

सुरुंगाच्या वर्गात मात्र आमचे उस्ताद तो प्रश्न दोनदा विचारायचे. पहिल्यांदा नेहमीसारखा, सगळ्यांना. मग आवाज खाली आणून, एकेकाच्या तोंडाकडं बघत. त्या दुसऱ्या वेळी हात वर यायचे. डिटोनेटरमध्ये वात कुठपर्यंत सरकवायची, पकड कुठं दाबायची, सुरुंग उडालाच नाही तर किती वेळ थांबायचं. कुणी हसायचं नाही, कुणाला शिक्षेचा रगडा मिळायचा नाही. फौज सोडून कारखान्यात सेफ्टीचं काम करू लागलो तेव्हा कळलं, की लष्करानं मला दोन वेगवेगळ्या गोष्टी शिकवल्या होत्या आणि मी त्या एकच समजत होतो.

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजी ही नवलाई नाही. अपशिंगे गावाला तर 'मिलिटरी' ही जोड कायमची लागलेली. घरोघर कुणी ना कुणी खडकीला, बेळगावला किंवा नगरला ट्रेनिंग करून आलेला. त्यामुळं पेन्शनीत आलेल्या माणसाचे पुढचे रस्तेही ठरलेले. बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसायचं, सोसायटीच्या गेटवर वही सांभाळायची, जीप घेऊन वडाप करायचं, नाहीतर फंडाचे पैसे बोअरवेलमध्ये घालायचे. मी बॉम्बे सॅपर्सचा, लष्करी इंजिनिअरांतला, म्हणजे खडकीचा. गावी आलो तर चुलतभाऊ म्हणाला, "दादा, एमआयडीसीत गेटवर बसणार असशील तर आपली ओळख हाय." मी सेफ्टीत जाणार म्हटल्यावर तो म्हणाला, "त्येच की."

त्येच नव्हतं. सेवेची अखेर जवळ आली की पुनर्वसन महासंचालनालयाच्या कोर्सांची यादी युनिटमध्ये येते, तिच्यात औद्योगिक सुरक्षा हे नाव मला दिसलं. स्थापत्याचा डिप्लोमा नोकरीत असतानाच पदरात पडलेला होता. त्याच्या जोरावर राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा डिप्लोमा केला. वर्गात माझ्या मुलाच्या वयाची पोरं, त्यांना कारखाने कायदा १९४८ माझ्यापेक्षा लवकर पाठ व्हायचा. कलम २१ यंत्रांची कुंपणं, कलम ३६ विषारी वायूच्या बंदिस्त जागा, कलम ८८ अपघाताची खबर. मला कलमं पाठ व्हायला वेळ लागला. पण कलमाच्या मागं काय घडलं असेल हे लवकर दिसायचं. असं कलम कुणी हौसेनं लिहीत नाही.

आई एवढंच म्हणाली, "आता तरी जिवाचं भ्या गेलं म्हणायचं." तिला वाटलं मी सीमेवरून सुखाच्या जागी आलो. मलाही थोडंफार तसंच वाटत होतं.

नोकरी मिळायला फार त्रास पडला नाही. मुलाखतीत मॅनेजरसाहेब म्हणाले, "आम्हाला शिस्त लावणारा माणूस पाहिजे. तुम्ही लोक त्यासाठी बेस्ट." हे वाक्य मी नंतर इतक्या ठिकाणी ऐकलं, की त्यावर काहीतरी लिहावंसं वाटलं. माजी सैनिक सेफ्टीसाठी चांगला का, तर तो शिस्तीचा. तो ओरडेल आणि पोरं ऐकतील. नेमणुकीबरोबर मला कँटीन, गेट, बागेचे माळी आणि कामगारांच्या बसगाड्या हेही मिळालं. महाराष्ट्रातले सुरक्षा अधिकाऱ्यांचे नियम १९८२ सालचे. त्यांच्या मते हा माणूस वरिष्ठ अधिकाऱ्याच्या दर्जाचा असावा, त्यानं थेट कारखानाप्रमुखाच्या हाताखाली काम करावं आणि त्याच्यावर दुसरी विसंगत कामं टाकू नयेत. नियम वाचून दाखवला तर साहेब हसून म्हणाले, "सुभेदारसाहेब, तुम्ही तर फौजेतले, तुम्हाला काय जड आहे?"

जड नव्हतं. पण शिस्त ही माझी मोठी शिदोरी आहे असं जे सगळे धरून चालत होते, ते मला हळूहळू चुकीचं वाटू लागलं. ज्या गोष्टी खरोखर कामाला आल्या त्या वेगळ्याच होत्या.

पहिली गोष्ट वातीची. सॅपरच्या हातात सुरुवातीलाच येणारं साहित्य म्हणजे सेफ्टी फ्यूज. मी समजत होतो की ही लष्कराची वस्तू. डिप्लोमाच्या अभ्यासात कळलं, तिचा जन्म खाणीतला. इंग्लंडात कॉर्नवॉलच्या खाणींत सुरुंग लावताना माणसं मरत, आंधळी होत. ते बघून विल्यम बिकफर्ड नावाच्या एका चामड्याच्या व्यापाऱ्यानं तागाच्या धाग्यांत बारूद वळून सावकाश आणि एकसारखी जळणारी वात केली आणि १८३१ साली तिचं पेटंट घेतलं. म्हणजे आयुष्यभर मी जी वात पेटवत होतो ती मुळात कामगार जगावा म्हणून कुणीतरी केलेली होती. तिचा वापर करण्याची रीतही तशीच. गुंडाळीचं उघडं टोक कापून टाकायचं, त्यात ओल शिरलेली असू शकते. मग ठरावीक लांबीचा तुकडा घड्याळ लावून जाळून बघायचा आणि त्या वेगावरून पुढची लांबी ठरवायची. डब्यावर वेग छापलेला असतो, पण तो वाचायचा, मानायचा नाही. कारखान्यात गॅस डिटेक्टर वापरण्याआधी त्याच्यावर ओळखीचा वायू सोडून तो वाजतो का ते बघतात, त्याला बंप टेस्ट म्हणतात. पोरांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

दुसरी गोष्ट एक्सप्लोडरची मूठ. विजेनं सुरुंग उडवायचा असेल तर एक्सप्लोडरची मूठ आधी काढून घेतात. पुढं जाऊन तारा जोडणारा जवान ती स्वतःच्या खिशात घालतो आणि मगच निघतो. तो परत येईपर्यंत कुठलाही ब्रिगेडियर तो सुरुंग उडवू शकत नाही. कारखान्यात पहिल्यांदा लाल कुलुपांची पेटी पाहिली तेव्हा मला कुणी लॉकआउट म्हणजे काय ते सांगायची गरज पडली नाही. यंत्रात हात घालणाऱ्यानं मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. चौघं काम करत असतील तर चार कुलुपं, आणि चौथं निघाल्याशिवाय यंत्र चालू होत नाही. अमेरिकेनं १९८९ साली हा नियम कायद्यात आणला. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी ती पेटी ऑडिटच्या आदल्या दिवशी पुसून ठेवायची वस्तू आहे. एकदा कन्व्हेअरच्या रोलरमध्ये खांद्यापर्यंत हात घातलेल्या फिटरला विचारलं, "किल्ली कुठाय?" तो म्हणाला, "सुपरवायझरकडं." आणि सुपरवायझर जेवायला गेलेला. त्या फिटरला मी कलम सांगितलं नाही, मुठीची गोष्ट सांगितली. त्यानं हात बाहेर काढला तो लगेच.

तिसरी गोष्ट कागदाची. फौजी माणूस कागदाला नाकं मुरडतो, मीही मुरडायचो. २००१ च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला, ऑपरेशन पराक्रम सुरू झालं आणि पश्चिम सीमेवर लांबच लांब पट्ट्यात सुरुंग पेरले गेले. लढाई झाली नाही. २००२ च्या ऑक्टोबरात सैन्य मागं घ्यायचं ठरलं आणि पेरलेलं उचलायची पाळी आली. पेरताना आणि उचलताना सॅपर्सची माणसं गेली, कुणाचे पाय गेले, आणि समोरून एक गोळी आलेली नव्हती. वाळू वाऱ्यानं सरकते. शेतात पाणी सोडलं की खुणा बुजतात. पेरणारी तुकडी तोवर दुसरीकडं गेलेली असते. मग बोलतो तो फक्त नोंदीचा नकाशा. कुठल्या खुणेपासून किती पावलं, किती रांगा, एका रांगेत किती. आकडा जुळला नाही तर ती जमीन बंद, मग ती कुणाचीही असो. त्या नोंदीचा ताबा एका तुकडीकडून दुसरीकडं देताना दोघं मिळून जागेवर चालत जातात, बोटानं दाखवतात, मग सही करतात. फौजेत याला हँडिंग-टेकिंग म्हणतात आणि त्याला लागणाऱ्या वेळेवरून सगळे कुरकुरतात.

आमच्या अभ्यासक्रमात पायपर अल्फाची गोष्ट होती. ६ जुलै १९८८, उत्तर समुद्रातला तेल-वायूचा फलाट. दिवसपाळीनं एका पंपाचा सुरक्षा झडप तपासणीसाठी काढून नेलेली होती, उघड्या जागी नुसती झाकणपट्टी बसवलेली. पंपाच्या दुरुस्तीचा परमिट एक, झडपेचा दुसरा. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीला झडप जागेवर नाही हे ठाऊक नव्हतं, त्यांनी हा पंप सुरू केला. १६७ माणसं मेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी समितीनं १९९० साली १०६ शिफारशी केल्या. वर्गातली पोरं त्या शिफारशी लिहून घेत होती. मी मनात त्या फलाटावर दोन पाळ्यांची माणसं एकत्र चालत जाताना बघत होतो. झडपेच्या जागेपर्यंत चालत गेली असती तर झाकणपट्टी डोळ्यांनी दिसली असती.

त्याच अपघाताचा एक भाग मात्र मला बरेच दिवस पचला नाही. आग लागल्यावर बरीच माणसं राहण्याच्या दालनात जमली. ठरलेली रीत तीच होती. तिथं थांबायचं, हेलिकॉप्टर येईल, हुकूम मिळेल. हुकूम आलाच नाही आणि हेलिकॉप्टर उतरण्यासारखी परिस्थिती उरली नव्हती. थांबलेले बहुतेक धुरानं गुदमरून मेले. वाचलेल्या ६१ जणांतले कित्येक जण सांगितलेलं न ऐकता खाली उतरले, समुद्रात उड्या टाकल्या. मी ज्या संस्थेत वाढलो तिथं या वागण्याला नाव आहे आणि ते चांगलं नाही. सेफ्टीच्या पुस्तकात मात्र ते वाचलेले लोक.

तिथून मी शिस्तीकडं संशयानं बघायला लागलो. सुरुंगाच्या वर्गातली आणि कवायतीच्या मैदानातली शिस्त एक नाही. मैदानावरची शिस्त सांगते, विचारू नकोस. सुरुंगाच्या वर्गातली सांगते, विचारल्याशिवाय हात लावू नकोस. फायरिंग रेंजवरही तसंच, धोका दिसला तर फायर थांबवा म्हणायला हुद्दा लागत नाही. नुकता भरती झालेला पोरगाही ओरडू शकतो आणि सगळी रेंज थांबते. बाहेरच्या जगाला आमची फक्त मैदानावरची शिस्त दिसते, कारण २६ जानेवारीला टीव्हीवर तीच दाखवतात. कारखानदार विकत घ्यायला बघतो ती तीच. आणि खरं सांगायचं तर कारखान्यात तिची टंचाई नाहीच.

कंत्राटी पोराइतका आज्ञाधारक माणूस मी पलटणीतसुद्धा पाहिला नाही. जवानाला पगार, पेन्शन, इस्पितळ, पाठीशी रेजिमेंट असते, तो आतून थोडा तरी कुरकुरू शकतो. चाकणला किंवा रांजणगावला ओडिशातून, बिहारमधून, मराठवाड्यातून आलेला पोरगा, ठेकेदारानं उद्या येऊ नको म्हटलं की त्याची खोलीही जाते. तो कशालाही 'हो साहेब' म्हणतो. एका शेडच्या पत्र्यावर काम होतं. सकाळी सुपरवायझरनं टूलबॉक्स टॉक घेतला, बेल्ट घालायचाच असं तीनदा बजावलं, पोरं हो म्हणाली, वहीवर सह्या, अंगठे, फोटो. दुपारी मी शिडी चढून वर गेलो. सगळ्यांच्या अंगावर हार्नेस होते, व्यवस्थित आवळलेले. आणि प्रत्येकाचा हूक त्याच्याच कमरेच्या कडीला अडकवलेला होता, कारण पत्र्यावर हूक अडकवायला काहीच नव्हतं. लाईफलाईन टाकलेलीच नव्हती. एकाला विचारलं, "सकाळी का नाही विचारलं?" तो म्हणाला, "साब, बेल्ट पहनने को बोला था. पहना है." हुकूम पाळला होता. पडला असता तर हुकूम पाळून पडला असता.

कागदावर तो दिवस उत्तम होता. सह्या पूर्ण, बेल्ट शंभर टक्के.

भोपाळचा अपघात २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीचा. त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ४१-एच आलं. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगाराला जीविताला लगेच धोका वाटला तर तो थेट किंवा सुरक्षा समितीतल्या प्रतिनिधीमार्फत वरिष्ठांना, आणि त्याच वेळी निरीक्षकालाही, सांगू शकतो, आणि मालकानं त्यावर ताबडतोब पाऊल उचललं पाहिजे. म्हणजे शंका बोलून दाखवण्याचा हक्क कायद्यानं लिहून दिलेला आहे, आणि तो लिहून घ्यायला एक शहर गुदमरावं लागलं. किती कारखान्यांच्या भिंतीवर हे कलम मराठीत किंवा हिंदीत लावलेलं दिसतं? 'सुरक्षा आपली जबाबदारी' मात्र सगळीकडं रंगवलेलं असतं. आपली म्हणजे कामगाराची.

तर मला कारखान्यात ओरडून चालणार नव्हतं. नियमानंही सुरक्षा अधिकाऱ्याचं काम सल्ला देणं आणि मदत करणं एवढंच आहे, हुकूम देणं नाही. सुरुवातीला हे मला नामुष्कीचं वाटायचं. सुभेदाराला सल्लागार केला! पण हुकमाची सोय नाही म्हटल्यावर माणसाला विचारावं लागतं, आणि विचारायला लागल्यावर पोरं सांगायला लागली. डाय बदलताना सेन्सर कोण बायपास करतं, कुठल्या पाळीत, कुणाच्या सांगण्यावरून. प्रेसच्या दोन बटणांपैकी एक दाबून ठेवायला लाकडाची खुंटी कुठं लपवलेली असते. वाहन उद्योगाच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत पॉवर प्रेसवर बोटं गमावलेल्यांबद्दल 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून अहवाल काढते आहे. तो वाचताना दरवेळी वाटतं, यातली बहुतेक बोटं जाणार हे कुणाला तरी आधी ठाऊक होतं. त्या प्रेसवरच्या पोराला तरी नक्कीच. त्याला कुणी दुसऱ्यांदा, आवाज खाली आणून विचारलं नव्हतं.

भाषेचा इथं उपयोग होतो. सुरक्षा अधिकाऱ्याला त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा यावी अशी अट नियमांत आहे. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर बहुधा मराठी होती. आज चाकणच्या शॉपमध्ये ती भाषा कुठली हे पाळीगणिक बदलतं. पलटणीत गढवाल्यापासून तमिळपर्यंत सगळ्यांशी बोलून तयार झालेलं माझं धेडगुजरी हिंदी मॅनेजरसाहेबांना ऐकवत नाही, पोरांना मात्र समजतं.

आता मला सगळ्यात जड गेलेलं सांगतो. फौजेत पडलेल्या जोडीदाराला मागं टाकून येत नाहीत. हे शिकवावं लागत नाही, ते हाडात जातं. आणि सेफ्टीत मला नेमकं याच्या उलट शिकवायचं होतं.

सांडपाण्याची टाकी, गटाराचं चेंबर, मळीची विहीर, रसायनाचं रिकामं भांडं. एक जण उतरतो आणि कोसळतो. वरचा बघतो आणि मागं उतरतो. तोही कोसळतो. मग तिसरा. 'एकाला वाचवताना तिघांचा मृत्यू' ही बातमी मराठी पेपरात इतक्यांदा येते की वाचणाऱ्याला तिचं काही वाटत नाही. अमेरिकेच्या निऑश या संस्थेनं १९८६ साली नोंदवलं, की बंदिस्त जागांत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला तर आत जायचं नाही. डोळ्यांना त्यातलं काहीच दिसत नाही. हायड्रोजन सल्फाइडला घाणेरडा वास असतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची ताकदच मरते. माणसाला वाटतं वास गेला, म्हणजे वायू गेला.

प्रशिक्षणात मी विचारतो, "तुझा सख्खा भाऊ आत पडलाय. काय करशील?" सगळे म्हणतात, "उडी टाकणार." अभिमानानं म्हणतात, छाती थोडी पुढं काढून. मला ते चेहरे ओळखीचे वाटतात, मी त्यांच्याबरोबर आयुष्य काढलं आहे. एकदा मागच्या रांगेतला एक ओडिया पोरगा म्हणाला, "मी ओरडेन." सगळे हसले. त्या दिवसापासून टाकीच्या तोंडाशी उभं राहायचं काम मी त्याला दिलं. परमिटवर त्याला अटेंडंट म्हणतात. त्याचं काम एवढंच, की दोरी धरायची, तिपाईची विंच फिरवायची, हाक मारायची, आणि काही झालं तरी आत जायचं नाही. लोकांना हे किरकोळ काम वाटतं. माझ्या मते सगळ्या कारखान्यात त्याच्याइतकं अवघड काम कुणाचं नाही. आत तुमचा माणूस तडफडत असताना पाय जमिनीला रोवून उभं राहायचं आणि विंच फिरवायची. मला ते जमेल का हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. माझं शरीर वेगळं शिकलेलं आहे. लष्करात उडी टाकणाऱ्याला पदक मिळतं आणि ते मिळालंच पाहिजे. न उतरलेल्या माणसासाठी पदक कुठंच नाही.

याचा अर्थ शौर्य खोटं असा नाही. सीमेवर धोका हा कामाचाच भाग असतो, तो कुणीतरी उचलायचाच असतो. कारखान्यात धोका कुणीतरी ठेवलेला असतो, खर्च वाचवायला, नाहीतर आळसानं. त्याला छाती दाखवण्यात काही अर्थ नाही. म्हणून सेफ्टीत क्रम उलटा आहे. आधी धोकाच काढून टाका. नाही जमलं तर कमी धोक्याचं काही वापरा. मग जाळी, कुंपण, सेन्सर. मग परमिट आणि प्रशिक्षण. हेल्मेट आणि बूट सगळ्यात शेवटी. कारखान्यात पाहुणे आले की आपण सुरुवातच हेल्मेटपासून करतो, कारण ते फोटोत दिसतं.

आणि धोका फक्त सीमेवर असतो हा आमचाही भ्रमच. २६ मे २०१६ ला डोंबिवलीच्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, आजूबाजूच्या वस्तीच्या काचा उडाल्या, माणसं मेली. त्याच आठवड्यात, ३१ मेच्या पहाटे, विदर्भातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. तिथंही माणसं गेली, त्यांत विझवायला धावलेले आमचे गणवेशातले आणि अग्निशमनचे लोक होते. एक नागरी कारखाना, एक लष्करी भांडार. दोन्हीकडं शत्रू नव्हता. पुलगावची बातमी आली तेव्हा मी गणवेशात होतो. डोंबिवलीचे लोक आणि आम्ही एकाच आठवड्यात एकाच प्रकारे मेलो, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

सेफ्टी वीकबद्दल फार लिहीत नाही. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ ची, म्हणून दरवर्षी ४ मार्चपासून आठवडा साजरा होतो. घोषवाक्यं, रांगोळी, बक्षिसं, खिशाला हिरवा बिल्ला. वाईट काही नाही. वाईट आहे तो गेटवरचा 'अपघाताविना इतके दिवस' असा फलक. कायदा म्हणतो, इजा झालेला कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर खबर द्या. म्हणून टाके घातलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी गाडीनं आणून खुर्चीवर बसवतात. तो दिवसभर बसतो, हजेरी लागते, फलकावरचा आकडा वाढतो. फायरिंगनंतर आम्ही गोळीची प्रत्येक रिकामी पुंगळी मोजून परत करायचो. एक कमी पडली तर सगळी कंपनी उन्हात मैदानावर शोधत बसायची, आणि ते शोधणं मला तेव्हा वेडेपणाचं वाटायचं. आकडा लपवण्यापेक्षा तो वेडेपणा शहाणा होता.

फौजेतून आलेला माणूस या कामाला चांगला का, याचं माझं उत्तर असं आहे. तो दरडावू शकतो म्हणून नाही. मूठ खिशात ठेवायची आणि मगच तारेला हात लावायचा, हे त्यानं स्वतःच्या जिवावर शिकलेलं असतं म्हणून. पण कारखान्यानं त्याला दरडावण्यासाठीच ठेवलं, तर तो गेटवरचा महागडा वॉचमन होतो आणि वर्षाभरात त्याचं तेच शिकलेपण गंजतं.

तेव्हा 'माजी सैनिकांना प्राधान्य' अशी जाहिरात देणाऱ्यांना माझी विनंती आहे. नेमणूकपत्रात दोन ओळी वाढवा. एक, धोका दिसला तर काम थांबवण्याचा अधिकार, याला आणि टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कंत्राटी पोरालाही. दोन, याची वाट थेट कारखानाप्रमुखापर्यंत जाईल, कँटीन आणि गेट दुसऱ्याकडं. दुसरी ओळ तर १९८२ पासून नियमातच आहे. आणि पेन्शनीचे कागद घेऊन गावी निघालेल्या माझ्या भावांनो, त्या दोन ओळी नसतील तर त्या पत्रावर सही करू नका.